आरटीआयला "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही" असं उत्तर आलंय, पुढं काय करू?

सीनाकाठ (३ डिसेंबर, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरी करते, गाव सीनेच्या काठाला. गावात जलजीवन मिशनमधून नवीन पाईपलाईन झाली, नळ बसले, नळाच्या खांबावर नंबरसुद्धा रंगवले, पण पाणी पहिले दोन महिने आलं आणि बंद. आई परत हापशावर जाते, वय एकसष्ट. दिवाळीत गेले तेव्हा बघितलं तर आमच्या बांधाजवळ ट्रॅक्टरच्या चाकाखाली पाईप फुटलेला, म्हणजे पाईप किती वर असेल विचार करा, वीतभर मातीखाली होता.

मी चिडून ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्यात विचारलं की काम निकृष्ट का झालं, त्याला जबाबदार कोण, कारवाई कधी करणार, आणि पाणी कधी सुरू होणार. सत्तावीस दिवसांनी एका ओळीचं पत्र आलं, "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, तसेच सदर काम या कार्यालयाशी संबंधित नाही." बस. सही, शिक्का, विषय संपला.

खरं सांगते, पत्र वाचून रडायला आलं. आता अपील करू का सोडून देऊ? सरपंच आमच्या भावकीतलेच आहेत, आई म्हणते कशाला वाकडं घेते. कुणी हे केलेलं असेल तर सांगा प्लीज.

---

जुनं_दप्तर (३ डिसेंबर, रात्री ११:४०)

ताई, सोडू नका. मी जिल्हा परिषदेत कारकून म्हणून रिटायर झालो, शेवटची काही वर्षं माहिती अधिकाराचं टेबल माझ्याकडंच होतं, म्हणजे असली पत्रं टाईप करणाऱ्या बाजूला मी बसलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचा राग शंभर टक्के बरोबर, पण अर्ज चुकला. माहिती म्हणजे काय, तर जे ऑफिसच्या दप्तरात कुठल्या तरी रूपात आहे ते. कागद, नोंदवही, नकाशा, ईमेल, नमुना, सगळं. पण "का झालं" आणि "कारवाई कधी करणार" हे दप्तरात नसतं, ते अधिकाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि डोक्यातलं काढून द्यायला कायदा सांगत नाही. कागद मागा, उत्तर मागू नका. उत्तर कागदातनं आपोआप निघतं.

दुसरी गोष्ट, काम आमच्याशी संबंधित नाही असं म्हणून हात झटकायची सोय कायद्यात नाहीच. कलम ६(३) वाचा, माहिती दुसऱ्या ऑफिसची असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडं पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. त्यांनी ते केलं नाही, सत्तावीस दिवस अर्ज दाबून ठेवला. यावर पहिलं अपील होतं, पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत, जोडपत्र 'ब' या नमुन्यात, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. कुणाकडं करायचं हे त्या पत्रातच लिहिलेलं असायला पाहिजे, नसेल लिहिलं तर तोही मुद्दा अपिलात घ्या.

पण अपिलाच्या भरवशावर थांबू नका. गावातल्या पाणी योजनेची खरी कागदं ग्रामपंचायतीत नसतातच, ती जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागात असतात. तिथं नवा अर्ज टाका. उद्या नमुना लिहून देतो, आज डोळे मिटायला लागलेत.

---

मांडवीतीर (४ डिसेंबर, सकाळी ८:०५)

जुनं_दप्तर यांनी म्हटलंय त्याला आमच्या गोव्यातूनच आधार आहे. २००८ साली मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने निकाल दिला होता की माहिती या शब्दात "अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही" याचं उत्तर बसत नाही. तेव्हापासून देशभरातले माहिती अधिकारी हाच निकाल पुढे करतात, कधी बरोबर, पण कितीतरी वेळा साधा कागद मागितला तरी "प्रश्नार्थक" म्हणून फेटाळतात. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की नाकारायचं असं ठरवूनच बसलेले असतात काही. म्हणून अर्जात एकसुद्धा प्रश्नचिन्ह ठेवू नका.

आणि हे इथे सांगावंसं वाटतं, गोव्यात माहितीच्या हक्काचा कायदा १९९७ पासून होता, केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षं आधी. त्याच वर्षी तमिळनाडूतही झाला.

---

जुनं_दप्तर (४ डिसेंबर, दुपारी १:३०)

हां ताई, लिहून घ्या. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एक अट घातलेली आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. त्यामुळं सगळा इतिहास लिहीत बसायचं नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र 'अ', दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची.

मजकूर असा ठेवा: अमुक गावच्या नळ पाणीपुरवठा योजनेच्या संदर्भात मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, कामाच्या मोजमाप पुस्तिकेची सर्व पानं, अदा केलेल्या सर्व बिलांच्या प्रती आणि पाईपच्या तपासणीचे अहवाल, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, आणि प्रती घेण्याआधी या सर्व अभिलेखांचं व प्रत्यक्ष कामाचं अवलोकन करू द्यावं. झालं. कारण लिहायचं नाही. कलम ६(२) प्रमाणं कारण विचारायचा त्यांना अधिकारच नाही.

यातला जीव कशात आहे सांगू का, मोजमाप पुस्तिकेत. ऑफिसात सगळे एमबी म्हणतात. ठेकेदाराला जो रुपया मिळतो तो एमबीवरनं मिळतो. शाखा अभियंता जागेवर जाऊन मोजतो, लांबी रुंदी खोली लिहितो, त्याचा गुणाकार करतो, उपअभियंता तपासून सही करतो, मग बिल निघतं. पानांना छापील नंबर असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर सही करावी लागते. म्हणजे तुमच्या आईच्या नळाला पाणी का येत नाही याचं उत्तर त्या वहीत शाईनं लिहिलेलं आहे, फक्त ती वही घेऊन कुणीतरी बांधावर उभं राहायला पाहिजे.

आणि अवलोकन मागायला विसरू नका. लोक नुसत्या झेरॉक्स मागतात, मग पत्र येतं की नऊशे पानं आहेत, पानाला दोन रुपये प्रमाणं अठराशे भरा, माणूस गप्प बसतो. आधी जाऊन बघा, पहिला तास फुकट असतो, बघून नेमकी वीस पानं निवडा, चाळीस रुपये भरा.

---

तिसरा_मजला (४ डिसेंबर, दुपारी ३:५५)

मध्येच घुसतोय सॉरी पण एक विचारायचं होतं, आमच्या हाऊसिंग सोसायटीला आरटीआय टाकता येतो का? कमिटी ऑडिट रिपोर्टच दाखवत नाही.

---

मांडवीतीर (४ डिसेंबर, दुपारी ४:२०)

थेट नाही. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे नुसत्या नोंदणीकृत सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरणात येत नाहीत. पण उपनिबंधकाचं ऑफिस येतं, आणि सहकार कायद्याखाली तो जे कागद सोसायटीकडून मागवू शकतो ते तुम्ही त्याच्याकडे मागू शकता. बाकी तुमचा वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चालू राहू दे.

---

पळसफूल (४ डिसेंबर, रात्री ९:१५)

वाचतेय सगळं. पण मला भीती वेगळीच वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचं ते कलम लागू झालं ना, ४४(३), त्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं. आधी तिथं तोल होता. वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होतेय हे दिसायला हवं होतं, आणि खाली ते सुंदर वाक्य होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. ते सगळं गेलं. आता नुसतं "वैयक्तिक माहितीशी संबंधित" एवढं म्हटलं की पुरतं.

मी घरकुलांच्या यादीवर काम करते, विदर्भात. परवाच एका ठिकाणी तोंडी सांगितलं गेलं की लाभार्थ्यांची नावं आता देता येणार नाहीत. आता नावाशिवाय यादी म्हणजे काय उपयोग हो? दोन मजली घर असलेल्याला घरकुल मिळालं हे नाव वाचल्याशिवाय गावाला कळणार कसं? मला खरंच झोप लागत नाही या विषयानं.

---

जुनं_दप्तर (५ डिसेंबर, सकाळी ७:१०)

पळसफूल ताई, तुमची भीती खोटी नाही. २०१२ च्या एका निकालानंतरच अधिकाऱ्यांना "वैयक्तिक माहिती" हा शब्द सापडला होता, आता तर दारच उघडलं. मी टेबलावर असताना मला स्वतःला वरून सांगितलं जायचं, काहीतरी कलम टाक आणि परत पाठव. आता त्या कारकुनाला शोधायला लागणार नाही.

पण दोन गोष्टी अजून शाबूत आहेत, त्या घट्ट धरा. एक म्हणजे कलम ८(२), लोकहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीसुद्धा देता येते, त्याला हात लावलेला नाही. फक्त आता लोकहित अर्जदारालाच दाखवून द्यावं लागणार, म्हणून अपिलात ते स्पष्ट मांडा. दुसरं कलम ४, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण हे ऑफिसनं न मागता आपणहून जाहीर करायचं आहे, सतरा बाबी आहेत त्यात. जे आपणहून भिंतीवर लावायचं आहे ते मागितल्यावर खाजगी कसं होईल? तोंडी नकार घेऊच नका. लेखी मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही.

सीनाकाठ ताईंच्या कामाला याची झळ नाही. पाईपची लांबी ही कुणाची वैयक्तिक माहिती नव्हे.

---

उत्तरध्रुव (५ डिसेंबर, दुपारी २:४५)

मी गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये आहे. इथे सरकारी कागद उघडे ठेवायचा कायदा १७६६ सालचा आहे, जगातला सगळ्यात जुना म्हणतात. नगरपालिकेत जाऊन कागद मागितला तर नाव सांगावं लागत नाही, कशाला पाहिजे हेही विचारत नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीने ओळखपत्र काढून हातात धरलं होतं, काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की ते ठेवून द्या.

हे वाचताना सारखं मनात येतंय की ताईंच्या आईला भावकीची भीती वाटते ती यामुळेच, आपल्याकडे अर्जावर नाव आणि पत्ता असतो आणि तो संध्याकाळपर्यंत गावभर झालेला असतो.

---

सीनाकाठ (८ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०)

आज अर्ज दिला. उपविभागात स्वतः गेले, रजा टाकून. आवक टेबलवरच्या माणसानं अर्ज वाचला आणि म्हणाला मॅडम साहेबांना भेटून घ्या ना, अर्ज कशाला. मी म्हटलं भेटते पण आधी पोच द्या. पाचेक मिनिटं नुसता बघत बसला, मग शिक्का मारला, आवक नंबर टाकला. जुनं_दप्तर काका, तुम्ही सांगितलेलं शब्दाशब्दानं लिहिलं, एकशे बारा शब्द झाले. ग्रामपंचायतीच्या पत्रावरचं अपीलही आजच दिलं.

उत्तरध्रुव यांनी लिहिलं ते खरं आहे. अर्ज देऊन घरी पोचायच्या आत आईला फोन आलेला होता.

---

माळरान (८ डिसेंबर, रात्री १०:५०)

ताई एकटीनं लढू नका, हे फार मनापासून सांगतोय. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींना १३ जानेवारी २०१० ला सकाळी सकाळी मारलं, जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातनं बाहेर काढत होते ते. मी त्याच भागात वाढलोय, तो दिवस विसरत नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपनं एक नियम केला, कुठलाही मोठा विषय असला की तोच अर्ज पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या नावानं टाकायचा, आणि त्यात एक अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातनं पोस्टानं. मग एका माणसावर दबाव आणून काही उपयोग राहत नाही, कागद तर बाहेर येणारच असतो. घाबरवायला लिहीत नाहीये. गावातली अजून चार घरं शोधा ज्यांच्या नळाला पाणी नाही.

---

सीनाकाठ (११ डिसेंबर, रात्री ९:००)

माळरान दादा, केलं. बचत गटातल्या चार जणींनी अर्ज दिले. आईसुद्धा. मी विचारलं नव्हतं, तिनंच सही करून पाठवला.

---

सीनाकाठ (१२ जानेवारी, रात्री ११:२०)

मंडळी महिनाभर इकडं आले नाही त्याबद्दल सॉरी, पण आजचं सगळं सांगायचंय म्हणून झोप आली तरी लिहितेय.

२ तारखेला पत्र आलं की १२ तारखेला अवलोकनासाठी यावे. आज आम्ही पाचजणी गेलो. आधी अर्धा तास बसवलं, मग म्हणाले एमबी बिलासोबत वर गेलेली आहे, बाकीचं बघून घ्या. मी काकांनी फोनवर सांगितलेलं तसंच म्हटलं, की बरं, मग एमबी कार्यालयात उपलब्ध नाही, कुठल्या जावक नंबरनं कुठं पाठवली एवढं लेखी द्या आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ प्रमाणं रेकॉर्ड सांभाळायची जबाबदारी कुणाची तेही लिहा. त्यावर ते आत गेले. दहा मिनिटांत एमबी आली, आतल्याच कपाटातनं.

कडक पुठ्ठ्याची लांबट वही. हातात घेताना माझे हात थरथरत होते. आमच्या योजनेची पानं तेवीस. मला आधी काहीच कळेना, नुसते आकडे, मग रेषेरेषेनं बोट फिरवत वाचलं. पाईपसाठी चर खोदाई, लांबी २१४० मीटर, रुंदी ०.६०, खोली ०.९०, एकूण ११५५.६० घनमीटर. त्याच्या खाली फोड केलेली. माती १८० घनमीटर, मुरूम ३२०, आणि कठीण खडक ६५५.६०.

कठीण खडक. आमच्या शिवारात. माझ्या शेजारी बसलेल्या काकू शाळेत गेलेल्या नाहीत, मी मोठ्यानं वाचलं तसं त्या एकदम म्हणाल्या, "अगं आपल्याकडं खडक कुठाय, पुरुषभर काळी मातीच हाय की, विहिरीला इतक्या खाली गेलो तेव्हा खडक लागला." तिथल्या साहेबांनी मान वर करून बघितलं. त्या वाक्याला त्यांच्याकडं काही उत्तर नव्हतं.

आणि खोली ०.९०. म्हणजे तीन फूट. आमच्या बांधावर वीतभर.

प्रत्येक मोजणीला तारीख असते, तर सगळी २१४० मीटरची मोजणी एकाच तारखेला, तेवीस पानं एकाच पेननं. चौदा पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, अठ्ठावीस रुपये भरले, पावती घेतली.

---

जुनं_दप्तर (१३ जानेवारी, सकाळी ६:४५)

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. कठीण खडकाचा दर मातीच्या कित्येक पट असतो, सगळा खेळ त्या फोडीतच असतो, आणि तो टेबलावर बसलेल्याला कधीच दिसत नाही, कारण माती कसली हे कागदावर वास घेऊन कळत नाही. तुमच्या काकूंनी दोन सेकंदात ओळखलं.

आता तक्रार टाकायची घाई करू नका. आधी जागा. कलम २(ञ) मध्ये नुसते कागद बघायचा नाही, काम बघायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. तुम्ही अर्जात प्रत्यक्ष कामाचं अवलोकन मागितलेलंच आहे, त्याची तारीख अजून दिलेली नाही, ती लेखी मागा. चार ठिकाणं तुम्ही निवडा, त्यांनी नव्हे.

---

मांडवीतीर (१३ जानेवारी, सकाळी ९:३०)

२६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आहे. तिथे वाचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून हेच केलं, पंचायतीची बिलं आणि मस्टर (मजुरांच्या हजेरीची वही) मिळवायचे आणि गावासमोर एकेक ओळ मोठ्याने वाचायची, आणि ज्याचं नाव मस्टरवर आहे तो माणूस उठून सांगायचा की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. त्यातून १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा तिथली. आपल्याकडे ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा कुठे महाराष्ट्राचा कायदा मार्गी लागला, आणि देशाचा लागू व्हायला १२ ऑक्टोबर २००५ उजाडला. तुमच्या काकू ऑफिसात जे बोलल्या ना, ती खरी जनसुनावणी.

---

सीनाकाठ (२७ जानेवारी, रात्री ८:४०)

काल ग्रामसभेत वाचलं. मी नाही, आईनं वाचलं. चष्मा लावून, सावकाश, एमबीचं पान नंबर सांगून. कठीण खडक ६५५ घनमीटर म्हटल्यावर मागनं एक आजोबा उठले आणि म्हणाले परत वाच. परत वाचलं. मग कुणीच काही बोलेना, सरपंचसुद्धा नाही. ते नंतर आईजवळ आले आणि म्हणाले वहिनी मलाही ही वही कधी दाखवली नव्हती. खरं खोटं मला माहीत नाही, पण ठरावावर त्यांनी सही केली. पाईपलाईन चार ठिकाणी उकरून मोजायची असा ठराव झाला.

ग्रामपंचायतीवरच्या अपिलाचाही निकाल लागला, अर्ज पाच दिवसांत वर्ग करायला हवा होता असं लिहून दिलंय.

जागेवरच्या अवलोकनासाठी ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा, असं पत्र आलंय. ठिकाणं आम्ही निवडली आहेत, शाळेमागं, दोन बांधांवर आणि हापशाजवळ. काका, टेप स्टीलचा लागतो का कापडी चालतो? आणि मोजताना पाईपच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं का चराच्या तळापर्यंत?

---

जुनं_दप्तर (२७ जानेवारी, रात्री ९:०५)

स्टीलचा न्या, कापडी ताणला जातो असं म्हणतील. एमबीत चराची खोली आहे म्हणून तळापर्यंत मोजा, आणि पाईपच्या वरच्या कडेपर्यंतचं मापही वेगळं लिहा. पंचनामा जागेवरच लिहायला लावा, सह्या सगळ्यांच्या. टेप खड्ड्यात उभा धरून आकडा दिसेल असा फोटो, मागं शाळा किंवा हापसा दिसला पाहिजे. आणि खड्ड्यातली मूठभर माती पिशवीत भरून, पिशवीवर ठिकाण लिहून, अभियंत्याची सही घ्या.